हीट नंबर

दुसरी पाळी सुटते रात्री साडेबाराला.
सांगली फाट्यावर शेड आहे, बाकडं आहे,
बाकड्यावर खिळ्यानं कोरलेलं कुणाकुणाचं प्रेम आहे,
वेळापत्रकाच्या पत्र्यावर
कोचिंग क्लासचं पोस्टर आहे.
बस नाही.

पूर्वी होती एक. हिंदुराव ड्रायव्हर.
कोअर शॉपच्या बायका डबे गोळा करेस्तोवर
इंजिन चालू ठेवून तंबाखू मळत थांबायचा.
कुणी मागं राहिलं तर हॉर्न.
एकदाच. लांब.

आता जैबून मुल्लाणी चालत जाते.
पंचगंगेच्या पुलावर ट्रक अंगावर आल्यासारखा येतो
आणि नुसता वारा मारून जातो.
ट्रकात इंजिनची हेडं.
ताडपत्रीखाली, गवतात नीट निजवलेली,
पोरं निजवावीत तशी.
त्यांच्या पोटात पाणी फिरायच्या ज्या वाटा आहेत
त्या जैबूनच्या.
तिनं वाळूत बांधल्या,
मी वरून लोखंड ओतलं,
मग वाळू फोडून झटकून टाकली.
तिच्या हातची राहिली ती फक्त पोकळी.
ती निघाली चाकणला, तिथनं कुठं कुठं.
जैबून पुलाच्या कठड्याला धरून
चपलेतला खडा काढते.

मी म्हणतो, माझ्या सायकलवर बस की मागं.
ती म्हणते, लोक काय म्हणतील ते जाऊ दे,
तुझी चेन बघ आधी.

चार भट्ट्यांतली एक पेटते, तीही सोमवार ते बुधवार.
सुपरवायझर सांगतो, गाड्या आता बॅटरीवर चालणार,
हेड लागणारच नाही उद्या.
आकाराम सुतार सागवानी पॅटर्नवर हात फिरवत ऐकतो.
अर्ध्या मिलिमीटरची खोट त्याला बोटाला कळते.
एवढंच म्हणाला,
"मग माणसं कशावर चालायची म्हणं?"
कोणी हसलं नाही. खरं तर हसण्यासारखं होतं.

गुरुवारी काम नव्हतं.
डबा मात्र बायकोनं सवयीनं भरून दिला.
तो घेऊन हिंदुरावला भेटायला वर्कशॉपात गेलो.
ओळीनं उभ्या बसा.
एकीच्या चाकातून एरंड वर आलेला,
एकीच्या पाटीवर अजून "शिरोली",
ली अर्धी.
हिंदुराव त्याच्याच गाडीत, त्याच्याच सीटवर.
सही करतो आणि येऊन बसतो म्हणाला,
खुर्चीत पाठ दुखते.

बॉनेट उघडं होतं.
हेडला चीर, केसाएवढी,
आणि चिरेच्या डाव्या अंगाला
उठावातले आकडे: के ४१७.

ती रात्र मला आठवते.
लाइट गेली होती,
लॅडलमध्ये लोखंड आळत चाललेलं,
आकारामनं बॅटरी धरली, जैबूननं तिची ओढणी
माझ्या मनगटाला ओली करून गुंडाळली,
आणि आम्ही अंधारात
त्या लाल उजेडावरच ओतलं.
चीर तेव्हाचीच असेल का?
हिंदुरावला विचारलं नाही.
हात खिशात घातले.

तो म्हणाला, "हेड मिळालं तर उद्या सुटती ही.
टेंडर निघंना."
मी म्हणालो, "आमच्यात शंभर पडल्यात.
गंज धरायला लागल्यात."
"मग आण की एक."
"कशातनं आणू?"

मग आम्ही दोघं बराच वेळ
समोरच्या काचेतून बघत बसलो.
काचेपुढं भिंत.
भिंतीवर कुणीतरी गिअरचा डबा
वाळत घातल्यासारखा ठेवलेला.
हिंदुरावनं तंबाखू मळली, मला दिली,
आणि कसल्या लहरीत कोण जाणे
हॉर्नवर तळवा दाबला.

बॅटरी कधीच उतरलेली.
आवाज आला नाही.
मी डबा उचलून उभा राहिलो.